श्वास चालवणाऱ्या मज्जातंतूंची इजा: निदान आणि उपचार यांचा आढावा

श्वास लागतो म्हणजे फुप्फुसात काहीतरी बिघडले आहे किंवा हृदय थकले आहे, असा समज रुग्णांमध्ये तर असतोच, पण पहिल्या भेटीत तपासणाऱ्या डॉक्टरच्याही मनात तीच शक्यता आधी येते, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. तथापि फुप्फुसाला स्वतःहून हलता येत नाही. ते फुगते ते छातीचा पिंजरा आणि श्वासपटल यांच्या ओढीमुळे, आणि ही ओढ निर्माण करणारे स्नायू मेंदू व मेरुरज्जू यांच्याकडून मज्जातंतूंमार्फत येणाऱ्या संदेशावर अवलंबून असतात. हा संदेश वाटेत कोठे अडला, तर निरोगी फुप्फुसातही पुरेशी हवा शिरत नाही, एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसतो, दम्याच्या औषधाने गुण येत नाही आणि रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो.

सुरत शहराच्या दक्षिण भागातील बमरोली हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे. पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेला हा भाग यंत्रमागांचा आणि बाहेरून आलेल्या कामगारांच्या वस्तीचा असून, सुरत–भुसावळ लोहमार्गाने जोडलेल्या खानदेशातून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या सगळ्या पट्ट्यात स्थायिक झालेली आहेत. अशा वस्तीत श्वासाची तक्रार आली की धूळ, विडी आणि क्षय ही तीन कारणे आधी पुढे येतात. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या काळात कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस हा आजार कामगारांच्या छातीशी जोडला गेला होता; सुरतेचे माग मात्र प्रामुख्याने पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यावर चालत असल्याने ते स्पष्टीकरण येथे तितकेसे लागू पडत नाही. या नेहमीच्या कारणांच्या गर्दीत मज्जातंतूंच्या इजेमुळे येणारी श्वासाची दुर्बलता हरवून जाते. ती तुलनेने विरळ असली, तरी तिच्यातील काही प्रकार काही तासांत जीव घेऊ शकतात, आणि काही प्रकार वेळीच ओळखले गेल्यास बऱ्याच अंशी बरे होतात.

या विषयातील जवळजवळ प्रत्येक निर्णय दोन प्रश्नांच्या उत्तरावर ठरतो. दुर्बलता कधी सुरू झाली व किती वेगाने वाढत आहे, हा पहिला प्रश्न. आणि मज्जातंतूत अजून जीव आहे की तो तुटून गेला आहे, हा दुसरा.

श्वासाच्या संदेशाचा मार्ग

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत ठरते आणि तेथून संदेश मेरुरज्जूतून खाली उतरतो. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा पातळ स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होतो, पोट पुढे येते आणि फुप्फुसात हवा ओढली जाते. शांतपणे घेतलेल्या श्वासातील सुमारे ७० टक्के काम हा एकटा स्नायू करतो. त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाला त्या बाजूचा फ्रेनिक मज्जातंतू संदेश पोहोचवतो. हा मज्जातंतू मानेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांपासून, त्यातही मुख्यतः चौथ्यापासून निघतो, मानेतील स्केलीन स्नायूच्या पुढून उतरत छातीत शिरतो आणि हृदयाच्या आवरणाला चिकटून श्वासपटलापर्यंत जातो. काम पोटाच्या सीमेवर आणि उगम मानेत, अशी त्याची रचना असल्यामुळे मान, गळ्याचा तळ, फुप्फुसांमधली जागा आणि हृदयाचा परिसर यांपैकी कोठेही झालेली इजा श्वासपटलाला निकामी करू शकते.

श्वासपटलाला बरगड्यांमधल्या स्नायूंची साथ असते आणि त्यांचे मज्जातंतू पाठीच्या मेरुरज्जूतून निघतात. निकड पडली की मानेतले स्केलीन आणि स्टर्नोमॅस्टॉइड हे साहाय्यक स्नायू कामाला लागतात. श्वास लागलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा व स्नायू ताणलेले दिसतात ते यामुळे. या व्यवस्थेचा अर्थ असा की मेरुरज्जूची इजा मानेच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीवर झाली तर श्वास पूर्ण थांबतो, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवर झाली तर श्वासपटल अंशतः किंवा पूर्ण दुबळे होते, आणि त्याखाली झाली तर श्वासपटल चालू राहते, परंतु बरगड्यांचे व पोटाचे स्नायू गेल्यामुळे खोकल्यातला जोर नाहीसा होऊन कफ साचत राहतो.

स्वरयंत्राकडे जाणारा रिकरंट लॅरिंजियल मज्जातंतू हा या विषयाचा वेगळा पदर आहे. तो व्हेगस मज्जातंतूची शाखा असून डाव्या बाजूला महाधमनीच्या कमानीला वळसा घालून पुन्हा वर चढतो. एका बाजूचा मज्जातंतू दुखावला तर आवाज बसतो. दोन्ही बाजूंचे दुखावले तर स्वररज्जू मध्यभागी जवळ येऊन अडकतात, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि रुग्ण गुदमरू लागतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ही गुंतागुंत उद्भवू शकते, आणि तिच्यात फुप्फुस व श्वासपटल दोन्ही धडधाकट असूनही हवेच्या वाटेचे दारच बंद झालेले असते.

इजेचे प्रकार आणि कारणे

मज्जातंतूच्या इजेची प्रतवारी हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मांडली आणि ती आजही व्यवहारात वापरली जाते. पहिल्या प्रतीत तंतू शाबूत असतो, त्याच्यावरील आवरणाला धक्का बसून संदेश काही काळ अडतो, आणि काही दिवसांत ते काही आठवड्यांत तो पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रतीत आतला तंतू तुटतो, पण त्याची नळी टिकून राहते, आणि त्या नळीतून नवा तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत जातो. तिसऱ्या प्रतीत मज्जातंतू आवरणासह तुटतो आणि शिवल्याशिवाय तो जुळण्याची आशा राहत नाही. मानेत दुखावलेल्या फ्रेनिक मज्जातंतूला श्वासपटलापर्यंत सुमारे ३० सेंटिमीटरचा प्रवास करायचा असेल, तर दुसऱ्या प्रतीच्या इजेत त्याला दहा महिन्यांच्या आसपास काळ लागणार हे साध्या भागाकाराने कळते. उपचारातील पुष्कळसे थांबणे आणि घाई करणे या गणितावर आधारलेले असते.

शस्त्रक्रिया हे फ्रेनिक मज्जातंतूच्या इजेचे एक प्रमुख कारण आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती बर्फाचा चुरा ठेवला जात असे, आणि त्या थंडीने शेजारचा मज्जातंतू बधिर होत असे. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी सोडवून घेतानाही त्याला इजा पोहोचू शकते. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत दिल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनाने त्या बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पडणे हा तर जवळजवळ ठरलेला परिणाम असतो. औषध उतरले की तो जातो, मात्र फुप्फुस आधीच अधू असलेल्या रुग्णाला तेवढे तासही जड जातात. छातीतील कर्करोग, फुप्फुसांमधल्या गाठी, मानेच्या मणक्यांचा क्षय आणि नागिणीचा आजार ही इतर कारणे होत. एके काळी ही इजा मुद्दाम केली जात असे, ही वैद्यकाच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे: क्षयावर औषधे नव्हती त्या काळात आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून त्या बाजूचा फ्रेनिक मज्जातंतू चिरडून किंवा कापून श्वासपटल निकामी केले जाई, आणि स्ट्रेप्टोमायसिननंतरच्या औषधांनी ती पद्धत इतिहासजमा केली.

दुचाकीच्या अपघातात खांदा आणि मान विरुद्ध दिशांना खेचली गेल्याने हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, म्हणजे ब्रॅकिअल प्लेक्सस, मुळापासून उपटले जाते आणि वरच्या मुळांबरोबर फ्रेनिक मज्जातंतूही दुखावू शकतो. हात लुळा पडलेल्या तरुणाकडे सगळ्यांचे लक्ष हाताकडे असल्याने त्याचे श्वासपटल तपासायचे राहून जाते. हात पुन्हा चालवण्यासाठी फ्रेनिक मज्जातंतूच कोपराच्या स्नायूकडे वळवण्याची शस्त्रक्रिया शांघायच्या गु युडोंग यांनी १९७० मध्ये केली. तिच्यात श्वासपटलाचा अर्धा भाग जाणूनबुजून दिला जातो, म्हणून लहान मुलांत आणि फुप्फुसाच्या रुग्णांत ती टाळली जाते. अवघड बाळंतपणात बाळाच्या मानेला ताण पडून हात व श्वासपटल दोन्ही एकाच बाजूला लुळे पडण्याचा प्रकारही याच जातीचा असून, प्रौढाला एका बाजूचे श्वासपटल गेल्याचे कळतही नाही अशा अवस्थेत तान्ह्या बाळाला श्वास घेणे अशक्य होऊ शकते, कारण त्याच्या बरगड्या आडव्या, छाती मऊ आणि साहाय्यक स्नायू अजून कच्चे असतात.

काही रुग्णांत कोणतीही जखम किंवा शस्त्रक्रिया सापडत नाही. रात्री अचानक खांद्यात असह्य वेदना सुरू होते, ती काही दिवसांत ओसरते आणि मग हात दुबळा होतो. पार्सोनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या या दाहात कधी कधी फ्रेनिक मज्जातंतूही सापडतो. अशा रुग्णाला खांदा आखडला असे सांगितले जाते, आणि त्यानंतर महिन्याभराने सुरू झालेला दम त्या वेदनेशी कोणी जोडत नाही.

जेथे तासांचा हिशेब असतो

वेगाने वाढणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारांत गियाँ-बारे सिंड्रोम अग्रस्थानी आहे. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात, एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवते. पायांत मुंग्या येतात, पाय जड होतात, जिना चढता येत नाही आणि दुर्बलता वर सरकत जाते. साधारण पाचपैकी एका ते तीनपैकी एका रुग्णाला व्हेंटिलेटरची गरज पडते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत या आजाराचा उद्रेक झाला आणि पुढील आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाणी व अपुरे शिजलेले मांस यांतून पसरणारा जिवाणू आढळला, आणि जुलाबाच्या साध्या आजाराचा धागा अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतो हे मराठी वाचकांना प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर उमगले. पावसाळ्यात पोटाचे विकार वाढणाऱ्या कोणत्याही दाट कामगार वस्तीला, आणि म्हणून बमरोलीलाही, हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर आघात करणारी विषे ही काटेकोर अर्थाने मज्जातंतूची इजा नसली, तरी रुग्णाच्या खाटेपाशी ती तशीच दिसतात, म्हणून त्यांचा विचार येथे टाळता येत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळता न येणे या क्रमाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पेरणीच्या दिवसांत गावी जाऊन परतलेला कामगार अशा अवस्थेत आला तर सर्पदंशाची शंका घेणे हे निदानाचे पहिले पाऊल असते. कापसाच्या पट्ट्यातील ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधाही फसवी आहे: लाळ, घाम, जुलाब ही पहिली लक्षणे आटोक्यात आल्यावर एक ते चार दिवसांनी मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात, हे श्रीलंकेतील सेनानायके आणि करालिएद्दे यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. रुग्ण सुधारला म्हणून त्याला लवकर घरी पाठवणे हा या आजारातील मोठा धोका आहे. लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलांत घटसर्पानंतर काही आठवड्यांनी येणारी श्वासपटलाची दुर्बलता हीदेखील याच यादीत बसते.

निदान: प्रश्नापासून यंत्रापर्यंत

निदानाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग दवाखान्याच्या टेबलापाशीच होतो. आडवे पडल्यावर श्वास लागतो का, किती उशा लागतात आणि पाण्यात छातीपर्यंत उतरल्यावर गुदमरते का, हे तीन प्रश्न दोन्ही बाजूंच्या श्वासपटलाच्या दुर्बलतेकडे थेट बोट दाखवतात. आडवे पडल्यावर पोटातील अवयव लुळ्या श्वासपटलाला छातीत ढकलतात आणि फुप्फुसाची जागा आक्रसते, म्हणून असा रुग्ण बसून झोपतो. अर्धवट झोप, सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची पेंग ही रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची चिन्हे होत. रात्रपाळी करणाऱ्या यंत्रमाग कामगारात ही पेंग जागरणाच्या खात्यावर सहज जमा होते, आणि बसून झोपण्याचे लक्षण हृदयविकारातही दिसत असल्याने दोहोंतील फरक करण्यासाठी पोटाकडे पाहावे लागते. निरोगी माणसाचे पोट श्वास घेताना वर येते. श्वासपटल लुळे असेल तर छाती वर जाते आणि पोट आत ओढले जाते.

उशीवरून डोके उचलण्याची ताकद आणि एका श्वासात मोजता येणारे आकडे या आणखी दोन तपासण्या कोणत्याही यंत्राशिवाय होतात. खोल श्वास घेऊन रुग्णाला त्याच्या बोलीत मोठ्याने आकडे मोजायला सांगितले आणि तो वीसच्या आत थांबला, तर श्वासाचा साठा धोक्यात आहे असे समजून त्याला व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे लागते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबता येत नाही. मज्जातंतूंच्या आजारात ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि तो घसरतो तेव्हा फार थोडा वेळ हाताशी उरलेला असतो.

पुढील पायरी छातीच्या एक्स-रेची आहे. श्वासपटलाचा उजवा घुमट एरवीही डाव्यापेक्षा थोडा वर असतो. त्याहून अधिक उंचावलेला घुमट एका बाजूच्या पक्षाघाताची शंका निर्माण करतो, पण दोन्ही बाजू सारख्याच उंचावल्या असतील तर रुग्णाने श्वास नीट घेतला नाही असा शेरा पडून निदान निसटते. फ्लुओरोस्कोपी म्हणजे हलत्या एक्स-रेखाली रुग्णाला नाकाने झटकन हुंगायला लावले की लुळा घुमट खाली न जाता उलट वर उडतो. अलीकडे हेच काम सोनोग्राफीने होते: बरगड्यांच्या फटीतून पाहिले असता दोन मिलिमीटरपेक्षा पातळ झालेले आणि श्वास घेताना वीस टक्क्यांहून कमी जाड होणारे श्वासपटल लुळे मानले जाते. किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला हलवावे लागत नाही आणि यंत्र तालुक्याच्या गावीही असते, हे सोनोग्राफीचे मोठे गुण आहेत, तरी पाहणाऱ्याचा सराव तिच्यात निर्णायक ठरतो.

स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजण्याची चाचणी बसून आणि मग आडवे पाडून अशी दोनदा करावी लागते. आडवे पडल्यावर क्षमता तीस टक्क्यांहून अधिक घसरली तर दोन्ही बाजूंच्या श्वासपटलाची दुर्बलता जवळजवळ निश्चित होते. तोंड बंद नळीवर ठेवून पूर्ण जोराने श्वास ओढताना निर्माण होणारा दाब हे स्नायूंच्या ताकदीचे माप असते. गियाँ-बारेसाठी डॉक्टरांनी वीस, तीस आणि चाळीस असा एक सोपा नियम बांधला आहे: श्वासक्षमता वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेली, आत ओढण्याचा दाब ३० सेंटिमीटर पाण्याइतकाही निर्माण होईना, किंवा बाहेर फुंकण्याचा दाब ४० च्या खाली उतरला, तर गुदमरण्याची वाट न पाहता रुग्ण व्हेंटिलेटरवर घ्यावा. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा १,२०० मिलिलिटर इतकी येते.

मज्जातंतूत जीव आहे की नाही, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मज्जातंतू-वहन चाचणी देते. मानेत सौम्य विद्युतझटका देऊन श्वासपटलापर्यंत संदेश पोहोचायला किती वेळ लागतो हे मोजले जाते. तो सुमारे आठ मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे. स्नायूत सुई घालून केलेली ईएमजी चाचणी तंतू नव्याने जुळत असल्याची चिन्हे दाखवते, मात्र सुई फुप्फुसाला लागून छातीत हवा शिरण्याचा धोका असल्यामुळे ती सोनोग्राफीच्या मदतीने आणि अनुभवी हातांनीच करावी लागते. इजेनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत या चाचण्या फसवू शकतात, कारण तुटलेल्या तंतूची झीज दिसू लागायला तेवढा काळ जातो. कारण शोधण्यासाठी मानेचा एमआरआय आणि छातीचा सीटी स्कॅन अनेकदा अपरिहार्य ठरतो, आणि विशेषतः विडी ओढणाऱ्या रुग्णात विनाकारण वर सरकलेले श्वासपटल हे कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते, याचा विसर पडता कामा नये.

उपचार: थांबणे, आधार देणे, जोडणे

वेगाने वाढणाऱ्या आजारांत उपचाराचा पहिला अर्थ श्वास चालू ठेवणे हाच असतो. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवण्याचा आणि हाताने पिशवी दाबून हवा देण्याचा मार्ग दाखवला, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ती पिशवी दाबली आणि त्यातून आधुनिक अतिदक्षता विभागाचा पाया घातला गेला. मण्यारीच्या दंशात आजही याच तत्त्वावर जीव वाचतो: प्रतिविष लवकर द्यावे लागते, पण एकदा मज्जातंतूचे टोक विषाने बिघडले की ते पुन्हा तयार होईपर्यंत, कधी काही दिवस तर कधी त्याहून अधिक काळ, व्हेंटिलेटरच रुग्णाला तारतो, आणि त्यानंतर रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. गियाँ-बारेमध्ये इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने पाच दिवस, प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.४ ग्रॅम या प्रमाणात दिली जातात, किंवा रक्तातील द्रव बदलण्याची प्लाझ्मा एक्स्चेंज ही पद्धत वापरली जाते. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा असतो आणि दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडतात. स्टिरॉइडचा या आजारात फायदा होत नाही हे सिद्ध झालेले असूनही ते दिले जाताना दिसते.

एका बाजूच्या फ्रेनिक मज्जातंतूची इजा झालेल्या पुष्कळ प्रौढांना कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. त्यांना कारण सांगावे, वजन कमी करण्यास व विडी सोडण्यास सांगावे, श्वासाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवावे आणि ठरावीक अंतराने चाचण्या करत राहावे, हाच उपचार असतो. रात्री कार्बन डायऑक्साइड साचत असेल तर मुखवट्यातून दोन पातळ्यांचा दाब देणारे बायपॅप यंत्र वापरले जाते. रात्री त्याचा आधार मिळाल्यावर दिवसाची पेंग व डोकेदुखी जाते. नुसता ऑक्सिजन सुरू करणे अशा रुग्णाला घातक ठरू शकते, कारण आकडा सुधारतो आणि साचत चाललेला वायू मात्र झाकला जातो.

सहा ते बारा महिने वाट पाहूनही दम कायम राहिला आणि मज्जातंतू परतण्याची चिन्हे नसतील, तर प्लिकेशनचा विचार होतो. या शस्त्रक्रियेत सैल पडून वर आलेल्या श्वासपटलाला चुण्या घालून टाके देऊन ताणून बसवले जाते. ते हलू लागत नाही, परंतु उलट दिशेला उडणे थांबते आणि त्या बाजूचे फुप्फुस मोकळे होते. ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतूनही होते. तान्ह्या बाळात मात्र इतकी वाट पाहता येत नाही. व्हेंटिलेटर सुटत नसेल तर ती लवकर करावी लागते.

मज्जातंतू तुटलेला असेल तर तो शोधून, चिकटलेल्या ऊतींमधून सोडवून किंवा पायाच्या पोटरीतील स्युरल मज्जातंतूचा तुकडा मध्ये घालून जोडण्याचा मार्ग आहे. भारतात मज्जातंतू जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया मुख्यतः ब्रॅकिअल प्लेक्ससच्या रुग्णांवर विकसित झाली, आणि मुंबईत मुकुंद थत्ते व पुण्यात अनिल भाटिया यांच्यासारख्या शल्यविशारदांचे नाव या क्षेत्रात घेतले जाते. फ्रेनिक मज्जातंतूची जोडणी त्या मानाने मोजक्याच केंद्रांत होते. तिचा काळही मर्यादित आहे: स्नायू दीर्घकाळ संदेशाविना राहिला की तो वाळतो, आणि त्यानंतर जोडलेला मज्जातंतू पोहोचला तरी हलवायला काही उरत नाही.

श्वासपटलाचा पेसर हा या विषयातील सर्वांत आकर्षक आणि सर्वांत गैरसमज झालेला उपचार आहे. येल विद्यापीठातील विल्यम ग्लेन यांनी १९६० च्या दशकात फ्रेनिक मज्जातंतूला विद्युतस्पंद देऊन श्वास चालवण्याची पद्धत विकसित केली. पुढे दुर्बिणीतून थेट श्वासपटलात तारा बसवण्याची पद्धत आली आणि घोड्यावरून पडून मानेचा मेरुरज्जू तुटलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांना २००३ मध्ये तशा तारा बसवण्यात आल्या. या यंत्राची अट अशी की फ्रेनिक मज्जातंतू स्वतः शाबूत असला पाहिजे. मानेच्या वरच्या भागातील मेरुरज्जूच्या इजेत तो शाबूत असतो, म्हणून तेथे यंत्र उपयोगी पडते; मज्जातंतूच तुटलेला असेल तर स्पंद वाहून नेणारे काही शिल्लक नसते. चेतापेशी झिजवणाऱ्या एएलएस या आजारात पेसर उपयोगी पडेल अशी आशा होती, परंतु ब्रिटनमधील चाचणीत पेसर बसवलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी झालेले आढळले.

बमरोलीतील रुग्णाची वाट

बमरोलीतील रुग्णासाठी मजुरा गेट येथील नवी सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली दोन सार्वजनिक रुग्णालये शहरातच आहेत. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड राज्याची सीमा ओलांडूनही योजनेत सहभागी रुग्णालयांत चालते, ही बाब महाराष्ट्रातून कार्ड काढून सुरतेत राबणाऱ्या कुटुंबाला माहीत असणे आवश्यक आहे. अडचण वेगळीच येते. असा रुग्ण आजार लांबला की गावी जातो, नंदुरबारला किंवा जळगावला नवा केसपेपर काढतो, पैसे संपले की परत येतो आणि सुरतेत पुन्हा पहिल्यापासून तपासण्या सुरू होतात. दोन गावांत विभागलेल्या या उपचारात पहिल्या दिवसाचा हिशेबच हरवतो, आणि इम्युनोग्लोब्युलिनची दोन आठवड्यांची मुदत असो, विद्युतचाचणीसाठी लागणारे तीन आठवडे असोत की प्लिकेशनपूर्वीचे सहा ते बारा महिने असोत, या आजारातील प्रत्येक मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

म्हणून पहिल्या दवाखान्यातील डॉक्टरने, मग त्याच्याकडे स्टेथोस्कोपखेरीज काहीही नसो, केसपेपरच्या पहिल्या ओळीत लक्षण सुरू झाल्याची तारीख, आडवे पडल्यावर श्वास लागतो की नाही आणि एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत मोजू शकला, या तीन गोष्टी लिहाव्यात, आणि रुग्णाच्या घरच्यांनी तो कागद प्रत्येक रुग्णालयात सर्वांत आधी दाखवावा.